हटसन, राईस आणि बूयाचं वल्हं

नॉर्बर्ट मसारने उभ्या आयुष्यात डॉन हटसनला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. हटसन ग्रीन बेच्या संघाकडून शेवटचा खेळला एकोणीसशे पंचेचाळीस साली आणि नॉर्बर्ट जन्मला एक्कावन्नमध्ये. पण एवढ्याशा कारणावरून मत सोडून देणाऱ्यांपैकी तो नव्हता. लांबून भिरकावलेला चेंडू धावता धावता झेलून जे पळत सुटतात, ते अमेरिकन फुटबॉलमधले रिसीव्हर. त्यांच्यात हटसनसारखा झाला नाही नि होणार नाही, हे त्याचा बाप एमिल गाईची धार काढताना सांगायचा. बाप एरवी थापा मारत असेलही, पण गाईसमोर कधी खोटं बोलायचा नाही, असं नॉर्बर्टचं म्हणणं होतं.

सेंट ओडील गावात त्याने पस्तीस वर्षं टपाल वाटलं. पत्र हातात ठेवण्याआधी विचारायचा, सगळ्यांत थोर रिसीव्हर कोण? उत्तर चुकलं तरी पत्र मिळायचं, पण व्याख्यानासकट, आणि विस्कॉन्सिनच्या जानेवारीत दार उघडं ठेवून व्याख्यान ऐकणं कुणालाच परवडत नसे. म्हणून लोक लांबूनच ‘हटसन’ म्हणून हात पुढे करायला शिकले. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिसेस जाँकार तर मरेपर्यंत समजत होत्या की हटसन हा टपालखात्यातला बडा साहेब आहे. नॉर्बर्टच्या मांजराचं नावही हटसनच होतं. त्या मांजराने जन्मात एक उंदीर धरला नाही, आणि हे लेस्टर लँपररने पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं.

हा लेस्टर म्हणजे नॉर्बर्टचा जिवलग दोस्त, आणि जेरी राईसचा भक्त. ग्रीन बेपासून तासाभरावर राहून कॅलिफोर्नियात नाव काढलेल्या माणसाची आरती ओवाळायची, याला आमच्याकडे धाडस तरी म्हणतात नाहीतर वेड तरी. पण लेस्टरची हयात चीजच्या कारखान्यात काट्यावर वजनं करण्यात गेलेली. काटा सांगेल ते खरं. राईसचे झेल पंधराशे एकोणपन्नास, हटसनचे पाचशेही नाहीत, मिटला विषय. नॉर्बर्ट म्हणायचा, हटसनच्या काळात चेंडू फेकतच कोण होतं? मग मिटलेला विषय पुन्हा उघडायचा. असं अडतीस वर्षं चाललं होतं.

या वादाची खरी बैठक सप्टेंबरातल्या जत्रेला, चर्चमागच्या मैदानात, बूयाच्या कढईपाशी. बूया, म्हणजे आमच्याकडचा जत्रेचा रस्सा, पहाटे पाचला चढतो: कोंबड्या, बैलाचं मटण, कोबी, गाजरं, बटाटे, सगळं एका काळ्या कढईत, खाली ओकची लाकडं. साडेअकराला प्रार्थना संपून अख्खा गाव वाडगे घेऊन येईपर्यंत तो ढवळत राहावा लागतो. पाच मिनिटं हात थांबला की तळाला लागलाच. ढवळायचं वल्हं एमिलने मेपलच्या लाकडाचं तासलेलं, आणि बापामागे ते नॉर्बर्टकडे आलं होतं. गावात महापौर कोण हे विचारावं लागतं, वल्हं कुणाकडे हे विचारावं लागत नाही.

फार पूर्वी एकदा हटसनचा झेल करून दाखवताना नॉर्बर्टने वल्हं हवेत उगारलं आणि गरम कोबीचा लपका थेट पाद्रीबाबांच्या झग्यावर गेला. तेव्हापासून नियम झाला: जो बोलेल त्याच्या हातात वल्हं नाही, जो ऐकेल त्याने ढवळायचं. दोघांपैकी एकजण कायम बोलत असल्यामुळे दुसरा कायम ढवळत असायचा, आणि सेंट ओडीलचा बूया कधी करपला नव्हता.

यंदा मात्र डॉक्टरने नॉर्बर्टच्या रक्तदाबाचा आकडा पाहून भुवया चढवल्या. त्याची बायको आर्लीन मुळात मितभाषी, पण बोलली की कायदा. जत्रेत दहा वाजता नर्स जनीन सगळ्यांचा दाब तपासते. तिथे वरचा आकडा एकशेसाठच्या वर गेला, की वल्हं तिथल्या तिथे खाली ठेवायचं आणि कढई पुतण्या डेलच्या ताब्यात. डेल पंचेचाळीस वर्षांचा, विजेच्या ड्रिलला पोलादी पातं लावून बूया ढवळायचा त्याचा बेत. पहाटेपासून तो वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून कढईभोवती घुटमळत होता. बापाच्या वल्ह्याच्या जागी ड्रिल, या विचारानेच नॉर्बर्टचा दाब चढत असावा. पण आर्लीनने आणखी एक गोष्ट केली होती, ती त्याला ठाऊक नव्हती.

सात वाजता नॉर्बर्टने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. बेचाळीस सालचा मोसम, अकरा सामने, आणि सतरा वेळा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार, सतरा टचडाउन. आता बोल म्हणाला.

लेस्टर ढवळता ढवळता थांबला. “खरं आहे तुझं,” तो म्हणाला. “हटसनच.”

पहिली तीन मिनिटं नॉर्बर्टला आभाळ ठेंगणं झालं. अडतीस वर्षांनी किल्ला पडला होता. चौथ्या मिनिटाला त्याच्या लक्षात आलं की आता पुढे बोलायला काही नाही. त्याने जरा चाचपून पाहिलं.

“हटसन आज असता तर चार हजार झेल घेतले असते.”

“चार हजार तरी.”

“डाव्या हाताने.”

“डाव्याच हाताने,” लेस्टर म्हणाला आणि विस्तवाकडे बघत बसला.

मग नॉर्बर्ट बाकड्यावर त्याच्या जवळ सरकला. काट्यावरचा माणूस चार हजाराला मान डोलावतो म्हणजे गडी चालला. त्याने हळूच विचारलं, डॉक्टरने काही सांगितलंय का तुला? मला नाही, असं लेस्टर म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं. पण नॉर्बर्टला ते लपवाछपवीचं वाटलं. पुढच्या वर्षी या बाकड्यावर आपण एकटेच, हे त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, आणि ड्रिलची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

दोघे गप्प बसले. कुणी बोलत नव्हतं, म्हणून कुणी ऐकत नव्हतं, आणि नियमाप्रमाणे कुणी ढवळतही नव्हतं. वल्हं कढईला टेकून उभं होतं.

लाकडांच्या ढिगापलीकडून डेलने नाक वर करून हुंगलं. नॉर्बर्टलाही वास आला, कोबी धरायला लागल्याचा. इतक्या वर्षांत हा वास त्याला आला नव्हता. त्याने स्वतः वल्हं उचललं असतं तर भागलं असतं, पण ते त्याला सुचलंच नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की बूया वादावर शिजतो. त्याने बापाच्या आत्म्याची मनोमन माफी मागितली आणि आजवर न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं.

“तसं पाहिलं तर राईसच थोर.”

लेस्टरने मान वर केली.

“हजार-पंधराशेच्या आसपास झेल घेतले त्याने,” नॉर्बर्ट नेटाने बोलत राहिला. “लहानपणी भावांनी फेकलेली ती लाकडं का काय, तीसुद्धा झेलायचा म्हणे.”

लेस्टरचे कान तांबडे झाले. त्याने ओठ घट्ट मिटले, मग उघडले, मग पुन्हा मिटले. शेवटी राहवलं नाही.

“विटा,” तो म्हणाला. “विटा होत्या, नॉर्ब. बाप गवंडी होता त्याचा. आणि आसपास म्हणजे काय? पंधराशे एकोणपन्नास. अडतीस वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडतोय मी, आणि तू लाकडं म्हणतोस? तुला राईसची स्तुती करता येत नसेल तर करू नकोस.”

तो जो सुटला तो सुटलाच. ऐकणाऱ्याने ढवळायचं, म्हणून नॉर्बर्टचे हात आपोआप वल्ह्याकडे गेले, आणि तळ खरवडून निघाला तेव्हा नुसता लालसर झाला होता. मधे दम घ्यायला थांबून लेस्टरने कबुली दिली, की आर्लीनचा फोन आला होता. तुला वाद सोसत नाही, तू म्हणशील त्याला मी हो म्हणायचं, अशी तिची आज्ञा होती.

“म्हणजे माझ्या बायकोच्या सांगण्यावरून तू हटसनला थोर म्हणालास?”

“हो. आणि जिभेला फोड आला.”

म्हणजे हा मरत नव्हता, आणि किल्लाही पडला नव्हता. नॉर्बर्टला इतका आनंद झाला, की त्याने लेस्टरला बैल, वजनकाटा आणि कॅलिफोर्नियाचा हस्तक असं एका श्वासात म्हणून टाकलं. दहापर्यंत मैदानाच्या पार टोकाला त्यांची भांडणं ऐकू जात होती.

दहा वाजता जनीन नर्स यंत्र घेऊन आली, मागे आर्लीन. जनीनने दंडाला पट्टा बांधला आणि बजावलं, “अजिबात बोलायचं नाही.” नॉर्बर्ट गप्प बसला. त्याला गप्प बसवणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवणं. आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर.

आर्लीनने वल्ह्याकडे बोट केलं. डेल वायर उलगडायला लागला. नॉर्बर्टने वल्हं छातीशी धरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुराने आलेलं नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं.

लेस्टरला ते बघवेना. तो पुढे आला. “बाकी हटसनने सामन्याच्या एका पावात, एका क्वार्टरमध्ये एकोणतीस गुण काढले म्हणतोस ते ठीक,” तो म्हणाला. “पण पंचेचाळीस सालीच ना? निम्मे खेळाडू सैन्यात गेलेले. समोर उरलं होतं कोण, पाद्री आणि शाळामास्तर?”

नॉर्बर्टने वल्हं त्याच्या हातात कोंबलं आणि बोलायला सुरुवात केली. पट्टा दंडालाच होता. दुसरा हात हवेत फिरत होता, तोंडाचा पट्टा चालू होता. बेचाळीसचा मोसम झाला, पंचेचाळीसचा झाला, शाळामास्तरांची बाजू घेऊन झाली. जनीनने सवयीने पुन्हा बटण दाबलं, आकडा पाहिला, यंत्र हलवलं आणि परत दाबलं. एकशे सेहेचाळीस.

“आमच्या पुस्तकात उलटं लिहिलंय,” ती म्हणाली.

आर्लीनने आकडा स्वतः वाचला. मग डेलला वायर गुंडाळायला सांगितली, आणि लेस्टरकडे वळून म्हणाली, “सोमवारपासून रोज सकाळी कॉफीला आमच्याकडे यायचं. आणि खबरदार, परत त्याच्या हो ला हो म्हणालास तर.”