नवालचं चार मिनिटांचं गाणं

अमेरिकेत बॉथेलला आमच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर नवाल राहते. ती अरबांच्या एका देशातली. देशाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिचा भाऊ अजून तिकडे आहे आणि सरकार बदललं तरी सरकारचे कान तेच राहतात असं ती म्हणते. वयाने माझ्याहून धाकटी, गुडघे मात्र माझ्यापेक्षा वाईट. इथे आल्यावर बरीच वर्षं तिने एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, आता घरी असते. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी मिळून जेमतेम एक इंग्रजी होतं, पण आमचं भागतं. ती जे बोलली ते मी माझ्या मराठीत लिहिते आहे. मी चौथी शिकलेली, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आमची ओळख लाँड्रीच्या खोलीत झाली. ड्रायर फिरत होता आणि ही बाई त्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरून उभी. मी विचारलं, काय वाजवता? म्हणाली, "डफ." मी म्हटलं, अगं, आमच्याकडेही डफच म्हणतात. त्या दिवशी आमचे कपडे दोनदा वाळले.

तिची आई गावातल्या लग्नांत गायची. नदीकाठचं गाव, खजुराच्या बागा. आपल्याकडे विहिणीला चिडवायची गाणी असतात ना, तसलीच ती गाणी. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उलटून जबाब द्यायचा. नवरदेवाचं नाक, त्याच्या बापाची चिकटाई, बागेवरचा मुकादम, कुणालाही सोडायचं नाही. एक गाणं नीट म्हटलं तर तेवढ्यात घरभराची कणीक मळून व्हावी.

नवाल विशीत होती तेव्हा सरकारची जीप गावात आली. लोकांची गाणी ही देशाची ठेव, ती देशाने सांभाळायची, असं वर ठरलं होतं. सांभाळायची म्हणजे राजधानीत एक पथक काढायचं, गावोगावच्या मुली निवडायच्या, त्यांना पगार, राहायला खोली, भरजरी झगे. आई म्हणाली, जा, आपल्यातल्या एकीला तरी गाण्यावर पोट भरता येईल.

पथकात एक साहेब घड्याळ घेऊन बसायचा. परदेशी पाहुण्यांना लांब गाणं झेपत नाही, म्हणून प्रत्येक गाणं चार मिनिटांचं. नाकाचं कडवं गेलं, कारण ते असभ्य. मुकादमाचं गेलं, कारण मुकादम आता सरकारी माणूस. एवढं कापल्यावर शेवटी थोडी जागा उरली, तिथे देशाच्या पुढाऱ्याच्या नावाचं एक कडवं आलं. नवाल ते वर्षानुवर्षं गायली.

"सुट्टीला गावी गेले की बायका गाणं थांबवायच्या," ती मला म्हणाली. "शिव्या नाही दिल्या कुणी. नुसत्या गप्प. आईसुद्धा."

पुढे तिकडचं सरकार पडलं. नवे लोक म्हणाले, हे पथक जुन्या पुढाऱ्याचं, बंद करा. कलेला पैसा होता, पण तो गेला मोठ्या महोत्सवाला आणि एका काचेच्या इमारतीला. म्हातारपणी तिकडच्या गाणाऱ्या बायकांनी काय करायचं ते कुणी ठरवलं नाही. नवाल शाळकरी मुलीला, रीमला घेऊन निघाली ती शेवटी इथे पोचली. रीम आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅरीला, औषधांच्या कंपनीत आहे. तिने आईला घरात कधी गाताना ऐकलं नव्हतं. नवाल गायचीच नाही.

आणि मग आला आमचा गणपती.

यंदा आमच्या छोट्याशा मंडळाला कलेसाठी म्हणून सरकारी ग्रँट मिळाली. अट एवढीच की कार्यक्रमात दुसऱ्या समाजाचा एक कलाकार हवा आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. मंडळाचा अध्यक्ष शंतनू, माझ्या मुलाचा मित्र. फोनवर म्हणाला, "काकू, तुमच्या त्या अरब फ्रेंडला विचारा ना. आपलं डायव्हर्सिटीचं काम होऊन जाईल."

"ती काम नाही रे, ती बाई आहे," मी म्हटलं.

"तेच ते, काकू. पंधरा मिनिटं देतो त्यांना. सॉलिड स्लॉट आहे."

नवाल आधी नाही म्हणाली. मग एक दिवस डफ घेऊन वर आमच्याकडे आली आणि माझ्या स्वयंपाकघरात तिने आईचं ते गाणं अख्खं म्हटलं, नाक, बाप, मुकादम सगळ्यांसकट. जबाब द्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून तिने मला जबाब शिकवले. मी स्टीलचं ताट वाजवत ते देत होते. तिचे ते घशातले आवाज मला येईनात. ती म्हणाली, "तू जबाब देत नाहीयेस, खोकते आहेस." पण गाणं झालं तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी चहा ठेवायचं विसरले.

"हेच म्हणते," ती म्हणाली. "रीमला बोलावते. सरकारने मला काय दिलं ते तिला माहीत आहे. आईने काय दिलं ते तिला माहीत नाही."

रीम विमानाने आली. शाळेचा हॉल, मोदक, आरती, सगळं यथासांग झालं. नवालने निळा झगा घातला होता. मी आणि रीम दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

आणि मग सत्कार सुरू झाले. आपल्या लोकांना माणसाचा मान राखायचा म्हटला की शाल आणि नारळ याखेरीज काही सुचत नाही. घरं विकणाऱ्या एजंटाचा सत्कार झाला. तांदूळ देणाऱ्या दुकानदाराचा झाला, तो दोन शब्द बोलला आणि ते दोन शब्द संपेनात. मखर करणाऱ्यांचा झाला. मग नवालला बोलावून तिचाही झाला, आणि शंतनूने फोनमध्ये बघून अरब संस्कृतीवर माहिती वाचली. एका हातात नारळ आणि एका हातात डफ घेऊन ती अर्धा कार्यक्रम उभी होती. कलाकाराचा मान ठेवण्यात कलाकाराची वेळ संपत होती आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मीही.

शंतनू वाकून माझ्या कानाशी आला. "काकू, त्यांना जरा सांगाल का? चार मिनिटांत आटपा म्हणावं. अजून मुलांचा डान्स आहे, पेरेंट्स चिडतील. नऊला हॉल द्यायचाय."

"अरे, पंधरा तूच म्हणालास."

"हो, पण सत्कार कसे कॅन्सल करणार, काकू? स्पॉन्सर आहेत ते."

त्याच्या तोंडी तोच आकडा कसा आला देव जाणे. नाही म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. चारचौघांत वाद नको, मुलाचा मित्र आहे, सूनबाई कमिटीत आहे, एवढंच माझ्या मनात आलं. मी स्टेजच्या कडेला गेले आणि नवालला चार बोटं दाखवली. बोलायचासुद्धा धीर झाला नाही.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. मी जागेवर येऊन बसले तोवर तिने नारळ खाली ठेवला आणि ती गायला लागली.

आवाज स्वच्छ, हात पक्का. दुसरं कडवं झालं की नाक येतं हे मला आता पाठ होतं. मी जबाब द्यायला ओठ उघडले, तर ती पुढे गेलेली. मुकादमही आला नाही. मग शेवटी एक कडवं आलं ते मी कधी ऐकलं नव्हतं, आणि माझ्या शेजारी रीमने मान खाली घातली.

टाळ्या काय विचारू नका. शंतनू माइकवर म्हणाला, "फोर मिनिट्स एक्झॅक्ट. याला म्हणतात प्रोफेशनल."

परत येताना माझी सून हिमानी गाडी चालवत होती. म्हणाली, "काय सुंदर झालं ना?" रीम आईला म्हणाली, "हे पुढाऱ्याचं कडवं आमच्या शाळेत रोज सकाळी लावायचे. हे ऐकायला मी आले का?"

नवाल खिडकीबाहेर बघत होती. "चार मिनिटं म्हटलं की माझ्या घशात दुसरं काही येत नाही," ती म्हणाली. मांडीवर शाल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रीम परत गेली.

शंतनूचा फोन आला. व्हिडिओ पाठवला, खाली 'पारंपरिक विवाहगीत' असं लिहिलं. ग्रँटवाले खूश. आणि पुढच्या वर्षी ज्येष्ठ नागरिक म्हणून माझा सत्कार करायचं ठरतंय. मी म्हटलं, माझा सत्कार केलास तर तोच नारळ तुझ्या डोक्यात घालीन. तो हसला. त्याला वाटलं, काकू मजेशीर आहेत.

चार-सहा दिवस मी खाली गेलेच नाही. मग गेले. नवाल पीठ मळत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं."

"तू बोटं दाखवलीस," ती म्हणाली. "गायले मी."

तेवढ्यात रीमचा फोन आला. नवालचे हात पिठात, म्हणून मी उचलला.

"आंटी, तुम्ही ते मोठं गाणं ऐकलंय?" रीमने विचारलं. "काय आहे त्यात?"

"नवरदेवाचं नाक आहे," मी सांगायला लागले. "एवढं लांब, की ते नदीत पडतं."

"नदीत नाही पडत," नवाल मागून म्हणाली. "नाक आधी पलीकडच्या काठाला पोचतं. नवरदेव मागून होडीने येतो."

"मग तूच सांग."

मी फोन तिच्या कानाशी धरला. ती आपल्या भाषेत सांगायला लागली. गायली नाही. वाण्याला सामान सांगावं तशी एकेक ओळ सांगत होती. पलीकडून रीम मधेच काहीतरी विचारायची, की ही तीच ओळ पुन्हा सांगायची. जिथे जबाब यायचा तिथे ती सवयीने थांबायची. रीमला जबाब माहीत नव्हता. त्या खोलीत तो फक्त मला येत होता, आणि तोंड उघडायची मला लाज वाटली. मी नुसता फोन धरून उभी राहिले.