ओळीवर फिरणारं बोट

पन्नाशी ओलांडल्यावर अलिफ, बे, ते शिकायला बसलेल्या बाईचं अल्लाह कितपत ऐकेल, या शंकेनं मला फार छळलं. दुपारची जेवणं उरकली की मी कापडाची पिशवी घेऊन घराबाहेर पडायचे. पिशवीत ब्लाऊजपीसच्या घडीत नीट गुंडाळलेला कायदा असायचा. कायदा म्हणजे लहान मुलांना अरबी अक्षरं शिकवायचं पुस्तक. घरी सांगितलं होतं की शिवण शिकायला जाते. तेही अगदीच खोटं नव्हतं, कारण आमच्या मागच्या गल्लीतल्या आपा शिलाई मशीनवर बसूनच मुलींना कुरआन शरीफ शिकवायच्या. पाय मशीनवर आणि कान मुलींकडे. कुणी चुकलं की मशीन थांबायचं, एवढंच त्यांचं रागावणं. मुलींच्या रांगेत सगळ्यात शेवटी मी बसायचे, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकून. माझी पाळी आली की मशीन सारखं थांबायचं. मुली ओढणी तोंडाला लावून हसायच्या, मीही त्यांच्यासोबत हसायचे, आणि घरी येताना मात्र रडू यायचं.

माझा स्वभाव तसा फटकळ. टेंभुर्णीच्या मराठी शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मी, गल्लीत कुणाचा अर्ज असो की भांडण, पुढे माझीच जीभ. पण अरबी वाचायला मला कधी कुणी शिकवलंच नाही. गावात मुलींना शिकवणारी एक बाई होती, ती नवऱ्याच्या बदलीपायी निघून गेली आणि माझं शिकणं तिथेच राहिलं. नमाजपुरत्या सुरा, म्हणजे कुरआनातले छोटे अध्याय, ऐकून ऐकून पाठ केल्या. वाचता मात्र येत नव्हतं. आमच्यात मुलगी बघायला आले की एक प्रश्न हमखास विचारतात, मुलीचं कुरआन झालंय का? मला बघायला जालन्याहून पाहुणे आले तेव्हाही विचारला. माझी आई चहा ओतत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हुआ." त्या एका शब्दावर मी सून होऊन या घरात आले.

आणि सासू मिळाली ती अम्मांसारखी. पहाटेची फजरची नमाज झाली की अम्मा खिडकीजवळ रेहाल, पुस्तक ठेवायची लाकडी घोडी, मांडायच्या, जुनं हिरव्या बासनातलं कुरआन शरीफ उघडायच्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचत बसायच्या. ओठ हलायचे, आवाज येत नसे. बोट उजवीकडून डावीकडे जायचं, पुन्हा खालच्या ओळीवर यायचं. मी ते बघितलं की स्वयंपाकघरात सटकायचे. न जाणो, जवळ बोलावतील आणि म्हणतील, जरा इथून पुढे तू वाच. सगळा संसार मी त्या एका भीतीत काढला. लेकरं झाली, मोठी झाली, कामानिमित्त दूर गेली. आमचे हे एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये शिफ्ट करून करून थकले, तरी त्या रेहालजवळ जायची माझी हिंमत झाली नाही. अम्मांनीही मला कधी बोलावलं नाही. मी समजायचे, त्यांना माझं बिंग ठाऊक आहे आणि त्या मोठ्या मनानं झाकून घेतायत.

मोहल्ल्यात कुणाच्या घरी खतम, म्हणजे अख्खं कुरआन वाचून पुरं करायचं, असलं की त्याचे तीस पारे, तीस भाग, बायकांमध्ये वाटतात. ज्यांना वाचता येतं त्या एकेक पारा घेतात. ज्यांना येत नाही त्या मधोमध ठेवलेल्या चिंचोक्यांच्या ढिगाभोवती बसतात आणि कलमा म्हणत एकेक चिंचोका बाजूला करतात. माझा चष्मा अशा दिवशी नेमका घरी विसरायचा. मी चिंचोक्यांपाशी बसायचे. अम्मा तर बसायच्याच नाहीत, थेट चुलीकडे जायच्या, बिर्याणीच्या देगवर नजर ठेवायच्या. बायका म्हणायच्या, बघा, घरी रोज कुरआन वाचणारी बाई इथे किती नम्रपणे राबते. मलाही ते तसंच वाटायचं.

मग एका दिवशी भाजी निवडता निवडता अम्मा म्हणाल्या, "मेरा वक्त आया तो यासीन तूच पढना. बाहेर का कोई नक्को." आमच्यात माणूस जायला टेकलं की त्याच्या उशाशी यासीन शरीफ ही सुरा वाचतात, म्हणजे जाणाऱ्याचं जाणं सोपं होतं. मी "हो" म्हटलं. आईचा तो "हुआ" आणि माझा हा "हो", एकाच माळेचे मणी.  दुसऱ्या दिवशी मी आपांच्या दारात जाऊन उभी राहिले.

शिकणं काही सोपं गेलं नाही. काही अक्षरं घशाच्या अशा कोपऱ्यातून काढायची, की तिथे कोपरा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आपा म्हणायच्या, अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य आहे, तुम्ही तर सवाबाच्या राशीवर बसल्या आहात. हळूहळू अक्षरं जुळू लागली. रस्त्यानं जाताना दर्ग्याच्या कमानीवरचा एखादा शब्द मी आपोआप वाचून जायचे आणि कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहायचे.

अक्षरं ओळखू लागल्यावर थोडा धीर आला. थंडीचे दिवस होते. सकाळी अम्मांसाठी चहा घेऊन गेले आणि पहिल्यांदाच रेहालजवळ, त्यांच्या पाठीमागे, टेकले. वाटलं, त्या कुठे वाचतायत ते आपल्याला सापडतं का बघू. सापडेना. ओळीत शब्द एक होते, अम्मांचे ओठ दुसरंच म्हणत होते. मी कान पुढे केला. बोट ओळीच्या सुरुवातीला ठेवून अम्मा "बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम" म्हणाल्या, बोट ओळीच्या शेवटी नेलं. पुढची ओळ, पुन्हा तेच. त्याच्या पुढची, पुन्हा तेच. सगळं पान उतरून झालं, पान उलटलं, त्याचं चुंबन घेतलं, आणि पुन्हा बिस्मिल्ला.

वाचता न येणाऱ्या जुन्या बायका असं कुरआन पुरं करायच्या, हे मी लहानपणी ऐकलं होतं. ओळीओळीवर बोट फिरवायचं आणि दर ओळीला एक बिस्मिल्ला. समोर ते बघून पहिल्यांदा मला हसू फुटलं, खोटं का सांगू! जिला मी आयुष्यभर भ्याले, ती बाई माझ्यासारखीच होती. अम्मांच्या आईनंही कधीतरी चहा ओतताना "हुआ" म्हटलं असेल. मग मात्र हसू ओसरलं. एका छताखाली दोन बायका, एक चिंचोक्यांमागे लपली, दुसरी देगमागे. चहा थंड झाला आणि मी तशीच उठून आले.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, अम्मा, मलाही येत नाही, मी आपांकडे जाते, चला दोघी जाऊ. पण मला वाटलं, त्यांना लाज वाटेल. या वयात त्यांच्या हातून ते हिरवं बासन सुटलं तर? आधी आपल्याला नीट येऊ दे, मग सांगू. ईद होऊ दे, मग सांगू. एरवी सरसर चालणारी माझी जीभ नेमकी तिथे अडली. चांगुलपणाच्या नावाखाली मी गप्प राहिले आणि गप्प राहण्यात मला माझंच कौतुक वाटत राहिलं.

अम्मांना धाप लागायची ती वाढली आणि त्यांना नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी आमच्या यांना बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. हे येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, तेव्हा मला कळलं. दुपारी मी वॉर्डाच्या नळावर हात-तोंड-पाय धुऊन वजू केलं, ओढणी सारखी केली आणि अम्मांच्या उशाशी यासीन उघडून बसले. आपांकडे मी अजून तिथवर पोचलेच नव्हते. ओळखीची अक्षरं, पण अनोळखी ओळी. शब्द फोडायचा, जोडायचा, पुढे जायचं. घाटात बैलगाडी चढावी तसं चाललं होतं. आजूबाजूला पेशंट, त्यांची माणसं, डबे, फोन. एका शब्दापाशी मी अडले, मागे गेले, पुन्हा अडले. अम्मांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, त्यांनी विश्वासानं मागितलेली एक गोष्ट, तीही आपल्याला धड देता येत नाही. हे काय वाचणं झालं? मी पान मिटलं.

शेजारच्या खाटेवर एक शेतकरी गृहस्थ होते, पायाला प्लॅस्टर. त्यांची बायको जमिनीवर बसून लसूण सोलत होती. जाफराबादकडच्या खेड्यातली असावी, तिचं नाव मी विचारलं नाही. ती एकदम म्हणाली, "थांबल्या काहून माय? वाचा की."

मी म्हटलं, "मला नीट येत नाही हो. चुका होतात."

"मला त्यातलं काई कळत न्हाई," ती म्हणाली, "पन म्हातारीचं बोट पाहून राह्यले मी मघापासून. तुम्ही वाचून राह्यल्या व्हत्या तवा चादरीवर बोट चालू व्हतं त्यांचं. हिकडून तिकडं जायचं, पुन्हा मागं यायचं. तुम्ही थांबल्या अन् तेबी थांबलं. वाचा, त्या ऐकून राह्यल्यात."

मी चादरीकडे पाहिलं. अम्मांचं बोट उजवीकडे, ओळीच्या सुरुवातीला असावं तसं, थांबलेलं होतं. मी पान उघडलं, अडलेला शब्द पुन्हा घेतला, आणि बोट निघालं. मी अडखळले की ते थांबायचं, पुढे गेले की चालायचं. याला कुणी काय म्हणायचं ते म्हणो, मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की वॉर्डभर कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं, माझंसुद्धा नव्हतं, आणि लसूण सोलणाऱ्या त्या बाईचं होतं. तिनं सांगितलं नसतं तर ते पान मी परत उघडलं नसतं.

बऱ्याच ओळी झाल्यावर अम्मांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या. आवाज अगदी खोल गेला होता.

"जोड-जोड के पढती तू," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. "हां अम्मा. अभी सीखरी."

"किसके पास?"

"मशीनवाली आपा के पास."

 अम्मांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. रागानं नाही, एखाद्या मुलीला खेळायला न बोलावल्यावर तिनं विचारावं तसं त्या म्हणाल्या, "मेरेकू कायकू नै बोली? मैं भी आती थी ना."

 

संध्याकाळी त्यांना झोप लागली आणि पहाटे त्याच झोपेत त्या गेल्या. यासीन त्यांच्या कानावर पुरी पडली नाही. उरलेली मी घरी, त्यांना न्यायच्या आधी, जवळ बसून वाचली. तेव्हा एकदाही अडले नाही असं मी म्हणणार नाही. अडले, खूपदा. पण आता थांबून वाट पाहणारं बोट नव्हतं, म्हणून कुठे थांबायचं तेच कळेना.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे गेलेल्यासाठीची दुआ, झाली. घरात खतम होता, बायकांनी खोली भरली होती. पारे वाटले गेले आणि मी पहिल्यांदा हात पुढे करून एक पारा घेतला. कुणीतरी म्हणालं, अम्मांनी जन्मात किती खतम केले असतील, गिनतीच नाही. मी म्हटलं, "खूप केले," आणि ते मनापासून म्हटलं. त्यांच्या कुरआन शरीफात जिथे ओळ सुरू होते तिथे उजवीकडच्या समासाला बोटाचा पिवळट डाग आहे, पानापानावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या बिस्मिल्ला कुठे जमा झाल्या हे ज्याला ठाऊक आहे त्याला आहे. मी त्याला हिशेब विचारणारी कोण?

वाचता वाचता माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. समोरच्या घरातल्या रशीदा खाला, अम्मांच्याच वयाच्या, पारा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओठ हलत होते. बोट उजवीकडून डावीकडे जात होतं, सगळ्या ओळींवर एकाच चालीनं.  वाटलं, आज नको, घरात मौत झालीय, लोक आहेत, चाळिसाव्यानंतर बघू. हाच तो आवाज, माझा जुना ओळखीचा. मी पारा मिटून ठेवला, बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि कानात म्हटलं, "खाला, मुझे भी नै आता था. मैं आपा के पास जाती दोपहर में. आप भी चलते क्या?"

खालांचं बोट थांबलं. मला वाटलं, दुखावल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे पुसले, ती ओळ बिस्मिल्ला म्हणून पुरी केली आणि मग हळूच विचारलं, "आपा हसते तो नै?"

आता आम्ही दोघी जातो. भिंतीला टेकून बसायला दोन म्हाताऱ्या झाल्या, मुलींना हसायला आणखी एक मिळाली आणि आपांचं मशीन आता फारसं चालतच नाही. घरी फजरनंतर खिडकीजवळ मी अम्मांची रेहाल मांडते. ओळ सुरू करताना त्या पिवळट डागावर बोट ठेवते, त्यांच्या वाटची बिस्मिल्ला म्हणते आणि मग जोडत जोडत वाचते. कधी वाटतं, सगळ्यांनी आपापलं झाकलेलं ओझं अल्लाहपुढे उघडून ठेवलं असतं, तर एकमेकींपासून लपावंच लागलं नसतं. मला हे कळायला अम्मा जाव्या लागल्या. ज्यानं अनोळखी बाईच्या तोंडून मला ते पान पुन्हा उघडायला लावलं, त्याचे उपकार मी मानतेच. आणि रोज एक दुआ मागते. या अल्लाह, माझं अडखळणं राहिलं तरी राहू दे, पण जवळच्या माणसाला "चल" म्हणायला पुन्हा कधी उशीर करू देऊ नकोस.