बाईंनी भरलेला शेवटचा फॉर्म

बाई गेल्या तेव्हा मी सिल्लोडच्या बाजारात होते. दोन दिवसांची सुट्टी घेऊन गावी आले होते, माझ्या मुलीच्या, रेणुकाच्या वडिलांना मेथी खायची होती म्हणून भाजीवालीपुढं बसले होते. बाईंच्या समोरच्या घरातल्या काकूंचा फोन आला. ‘गिरजा, बाई गेल्या गं. सकाळी चहासाठी उठवायला गेले तर…’ माझ्या हातात मेथीची जुडी होती. ती मी खाली ठेवली, परत उचलली आणि भाजीवालीला म्हणाले, ही नको, कवळी दे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. रडू आलं नाही. डोक्यावरचा भारा कोणी उतरून घ्यावा तसं हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून भीती वाटली. मग रेणुकाला फोन लावला. ‘कधी?’ तिनं विचारलं. मग म्हणाली, ‘बरं झालं.’

‘असं म्हणू नाय, पोरी. मेलेल्या माणसाला.’

‘जित्या माणसाला म्हणत होते तेव्हा तरी तू कुठं अडवलंस?’ म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

त्याला आता दीड महिना झाला. तेराव्यानंतर गल्लीतल्या लोकांनी सभा घेतली, आणि बाईंची आठवण म्हणून एक पुस्तिका काढायचं ठरलं. ज्यांचे ज्यांचे कॉलेजचे फॉर्म बाईंनी भरून दिले होते त्या सगळ्यांनी लिहायचं. मलाही म्हणाले, तुम्ही एकोणीस वर्षं त्यांच्या घरी कामाला होतात, चार ओळी द्या. मी चार ओळी दिल्या. बाई फार प्रेमळ होत्या, त्यांनी माझ्या मुलीला शिकवलं, असं लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही. पण राहिलेलं बरंच आहे, ते या वहीत लिहिते आहे. वही कोणाला दाखवायची नाही.

पुंडलिकनगरात बाईंचं घर कोणालाही विचारा, सांगतील. शाळेतून रिटायर झाल्यावर बारावीचा निकाल लागला की त्यांच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा. मुलं, मुलांचे आईवडील, हातात फायली. फॉर्म भरायला सगळे घाबरतात, एक चुकलं की वर्ष गेलं. बाई कधी चुकल्या नाहीत. पण तोंड फार वाईट. मार्क मोठ्यानं वाचायच्या, सगळ्यांना ऐकू जाईल असे. ‘अठ्ठेचाळीस टक्के! आणि चिरंजीवांना डॉक्टर व्हायचंय. कंपाउंडर चालेल का?’ बाकीचे हसायचे, कारण अजून त्यांची पाळी यायची असायची. एका बापाला त्या म्हणाल्या होत्या, ‘तुमचा मुलगा हुशार आहे हो, तुम्ही जरा कमी बोला म्हणजे ते दिसेल.’ तो माणूस खाली बघून हसला आणि नंतर त्यांच्या पाया पडला. मी आतून चहा घेऊन यायचे, हे सगळं बघायचे. लोक रागवत कसे नाहीत याचं मला नवल वाटायचं. मीही रागवत नव्हतेच.

आमचे लोक मेंढरांमागं फिरणारे. दिवाळी झाली की रेणुकाचे वडील वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन निघायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. मी चौथीनंतर शाळा सोडली ती त्याच पायी. रेणुकाचं तसं होऊ नये म्हणून मी शहरात बाईंकडं कामाला राहिले. मागच्या खोलीत आम्ही दोघी. रेणुका पाचवीत गेली तेव्हापासून बाईंनी तिला संध्याकाळी समोर बसवायला सुरुवात केली. एकदा गणित सारखं चुकत होतं तर बाई म्हणाल्या, ‘मेंढरं हाकल्यासारखी उदाहरणं सोडवू नकोस.’ मला आत स्वयंपाकघरात ऐकू आलं, माझे हात थांबले. रेणुका म्हणाली, ‘आजी, मेंढरं हाकायला आधी मोजता यावं लागतं.’ बाई जोरात हसल्या. त्या दिवसापासून साय आली की ती रेणुकाच्या वाटीत जायला लागली. बाईंचा मुलगा बंगलोरला, त्याचा फोन रविवारी. बाकीचे सहा दिवस बाईंना रेणुका होती. हे म्हटलं पाहिजे… त्यांनी जीव लावला. लावला म्हणूनच पुढचं सगळं झालं.

अकरावीच्या सुट्टीत रेणुका वडिलांबरोबर परभणीच्या विद्यापीठात शेतकरी मेळाव्याला गेली होती. तिथला गोठा बघून आली आणि आठ दिवस तेच बोलत होती. प्रत्येक जनावराच्या कानात नंबर, प्रत्येकाचं कार्ड, आजारी पडायच्या आधी कळतं म्हणे. आमच्या वाड्यात एका वर्षी रोग आला तेव्हा निम्मी मेंढरं गेली होती, तिनं तेव्हा मेलेली कोकरं ओढून नेली होती. ‘आई, मला हेच शिकायचंय. परभणीलाच.’ बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, मार्क चांगले पडले. बाई म्हणाल्या, इतके मार्क माझ्या ओट्यावर आजवर कोणाला नव्हते. शेतीच्या पदवीसाठी फॉर्म भरला. मोबाईल नंबर बाईंचा दिला, कारण माझा फोन साधा आणि रेणुकाकडं फोन नव्हता.

मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचे तीन दिवस आले, आणि नेमकं तेव्हाच रेणुकाच्या वडिलांचा पाय मोडला. मेंढरांकडं बघायला कोणी नाही. रेणुका म्हणाली मी जाते. जायच्या आधी तिनं वहीच्या कागदावर नंबर घालून कॉलेजं लिहिली. पहिलं परभणी, मग बाकीची सरकारी, आणि सगळ्यात खाली शहरातलं बायपासपलीकडचं खाजगी. नवं होतं ते, धड शेत नाही, गोठा तर नाहीच. ‘हे नुसतं भरायचं म्हणून, आजी,’ असं म्हणाली. बाईंनी कागद चष्म्याच्या डबीत घातला. रेणुका गेली तिथं डोंगराच्या अंगाला फोन लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘गिरजा, परभणीला गेली की ही पोर परत येत नाही. तुला कळतंय ना?’

मी मान हलवली.

‘इथलं कॉलेज पहिलं टाकलं तर इथलंच लागणार, तिच्या मार्कांना ते पहिल्या फेरीत मिळेल. आणि पहिल्या पसंतीचं लागलं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बसता येत नाही. नियमच आहे तसा. टाकू?’

मी चौथी शिकले असले तरी मला सगळं कळलं. एकेक शब्द कळला. रेणुकाचा कागद कुठल्या डबीत आहे तेही मला माहीत होतं. आणि मला तीही दिसत होती, परभणीच्या गाडीत बसलेली, आणि मागच्या खोलीत एकटी मी. मला माझी पोर हवी होती. पण ते मी माझ्या तोंडानं म्हणणार नव्हते. मी म्हणाले, ‘तुमाला लई कळतंय, बाई.’

‘म्हणजे टाकू?’

मी भाकरी उलटली. बाई थोडा वेळ तिथंच थांबल्या. माझ्याकडं बघत असणार, मी वर बघितलं नाही. मग त्या गेल्या.

पहिल्या फेरीत नाव लागलं. बाईंनी माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला आणि मी गल्लीत सगळ्यांना वाटले. सगळे म्हणाले, पहिल्याच पसंतीचं लागलं, नशीब काढलं पोरीनं! मी हसून सगळ्यांचं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी रेणुका आली. अंगाला मेंढरांचा वास, चपला चिखलानं भरलेल्या, दारातूनच ओरडली, ‘आजी, परभणी ना?’ बाईंनी छापलेला कागद पुढं केला. तिनं वाचला. परत वाचला. कॉलेजच्या नावापुढं पसंती क्रमांक एक लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘हे माझं नाही.’

‘काय वाईट आहे? घरचं जेवण, घरचा अभ्यास…’

‘मी कागद दिला होता तुम्हाला. कोणाला विचारून बदललं?’

मी स्वयंपाकघराच्या दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होते. बाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाकडं शिक्षक बघतो, तसं. मी सांगेन म्हणून त्या थांबल्या होत्या. मला वाटतं मी तेव्हा एक शब्द बोलले असते तर तिघींचंही काही वेगळं झालं असतं… मी बॉक्सची दोरी बांधायला लागले. ती आधीच बांधलेली होती, मी सोडून परत बांधली.

‘कोणाला नाही,’ बाई म्हणाल्या. ‘मीच केलं. मला सोबत हवी होती.’

रेणुका रडली नाही. म्हणाली, ‘सोबत हवी होती तर कुत्रं पाळायचं.’ तिच्या आजीला म्हणाली ती, अठरा वर्षांची पोर. आणि मीही मध्ये पडले नाही. बाईंची मान जराशी हलली, एवढंच. वर्ष घालवायला नको म्हणून रेणुकानं तेच कॉलेज घेतलं, पण त्याच आठवड्यात कॉलेजजवळ दोन मुलींबरोबर खोली बघून निघून गेली. बायपासपर्यंत रिक्षानं वीस मिनिटं. तीन वर्षांत ती त्या घरात आली नाही. मीच रविवारी डबा घेऊन जायचे. ती म्हणायची, त्या म्हातारीचं नाव काढू नको. मी काढत नव्हते.

पुढच्या जूनमध्ये लोक फायली घेऊन आले तर बाईंनी फाटकातूनच परत पाठवले. म्हणाल्या, आता डोळ्यांना दिसत नाही. त्या दिवशी दुपारीच त्यांनी सुईत दोरा ओवून मला दिला होता. लोकांनी पुस्तिकेत लिहिलंय की वयामुळं त्यांनी फॉर्म भरणं थांबवलं.

शेवटचे सात महिने त्या अंथरुणावर होत्या. सगळं मीच केलं, ते लोकांनी बघितलं, माझं कौतुक केलं. रोज सकाळी विचारायच्या, ‘रेणू येणार आहे का?’ मी म्हणायचे, परीक्षा चालू आहे. वर्षभर परीक्षा नसते हे शिक्षिकेला माहीत नसतं का? तरी त्या ‘बरं’ म्हणायच्या. खरं सांगायचं तर रेणुकाला मी कधी विचारलंच नव्हतं. ती आली असती, बाईंजवळ बसली असती, आणि बाईंनी मरता मरता सांगून टाकलं असतं तर? मला ती भीती होती. त्यांच्या खोलीत कोणी जास्त वेळ बसलं की मी काही ना काही काम काढून आत जायचे.

सिल्लोडला जायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मी त्यांचे केस विंचरत होते. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, ‘गिरजा, रेणूचं मी वाईट केलं का गं?’

‘मी’ म्हणाल्या, ‘आपण’ नाही. एकदाही ‘आपण’ म्हणाल्या नाहीत. मला वाटलं होतं कधीतरी म्हणतील, तेव्हा काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं मी त्यांना कुठल्याच गोष्टीला सरळ उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

‘व्हय,’ म्हणाले.

कंगवा तसाच केसांत होता. त्यांनी हात मागं नेऊन केस चाचपले. मग म्हणाल्या, ‘वेणी जरा सैल घाल. काल टोचत होती.’ मी सैल घातली. त्यानंतर त्यांनी रेणुका येणार का हे विचारलं नाही.

मुलगा आला, दिवस केले, परत गेला. घर विकेपर्यंत किल्ली माझ्याकडं ठेवली आहे, आणि भांडी, मिक्सर, काय हवं ते न्या म्हणाला. परवा न्यायला रेणुका आली. तीन वर्षांनी पहिल्यांदा. आधी फाटकात थांबली, मग आत आली. बाहेरच्या खोलीत तिनं कुठंही बघितलं नाही. मी स्वयंपाकघरात डबे उतरवत होते. ती दारात उभी राहिली, एक हात चौकटीवर.

‘आई, एक विचारू?’

‘विचार की.’

‘तिनं एकटीनं केलं असेल असं मला कधीकधी वाटत नाही. ती कशीही असली तरी… विचारून करणारी होती. तुला विचारलं होतं का तिनं?’

मी डबा खाली ठेवला. तिच्या तोंडाकडं बघितलं, सरळ डोळ्यांत. लाज नाही वाटली, मान खाली गेली नाही.

‘नाय,’ म्हणाले. ‘मला कोण विचारतंय.’

रेणुकाचे डोळे भरले. पुढं येऊन तिनं मला मिठी मारली, लहानपणानंतर पहिल्यांदा. ‘माहीत होतं मला,’ म्हणाली. ‘तू असं होऊच दिलं नसतं.’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग तिनं मिक्सर उचलला आणि रिक्षा बघायला गेली.

मागची खोली मी सोडली आहे, पण शनिवारी झाडझूड करायला तिथं जाते. बाईंच्या खोलीत जायला मला काही वाटत नाही, पलंग झटकते, खिडकी उघडते. स्वयंपाकघरात मात्र ओट्याजवळ उभी राहिले की पाठीमागं दारात कोणीतरी थांबलंय असं वाटतं. काही बोलत नाही. नुसतं थांबलेलं असतं, उत्तराची वाट बघत. मी वळून बघत नाही. नळ मोठा सोडते, आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेते.