जोंधळ्याचा दाणा आणि तार

पिशवी काढलेल्या बाईला कॅन्सर होत नाही, असं आमच्याकडच्या बायका धरून चालतात. मीही धरलं होतं. म्हणून उजव्या छातीत गाठ हाताला लागली तेव्हा चार महिने मी कुणाला बोलले नाही. भीती वाटली म्हणून नाही. कॅन्सरची भानगड आपण तिशीतच मिटवली, असं मला वाटत होतं.

ती भानगड अशी. शिरूर कासारच्या बाजूला आमची वस्ती. दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची, अजूनही जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. एक दिवस बसली की खाडा, आणि खाडा म्हटलं की मुकादमाचं तोंड सुटतं. पाळीत ओटीपोट फार दुखायचं म्हणून मी एका दवाखान्यात गेले. डॉक्टरनं पोट दाबलं आणि पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं. आठवड्याच्या आत पिशवी काढली. मी चौथी शिकलेली, कागद वाचता येत होता, पण वाचायला कुणी दिला नाही, फक्त सही घेतली. काढलेलं काय होतं ते ट्रेमध्ये घालून नवऱ्याला दाखवलं. मला नाही. पुढच्या हंगामात माझा एकही खाडा पडला नाही. आमच्या टोळीत अशा सातजणी होतो आणि आम्हाला ते शहाणपणाचं वाटायचं.

चार महिन्यांनी ती गाठ सुनेच्या हाताला लागली. न्हाताना पाठ चोळायला आली होती, तिचा हात बाजूला गेला.

"आत्याबाई, हे काय हाय?"

"गाठ हाय. मला काय व्हतंय, माझी पिशवी काढलीय."

सून बारावी झालेली. ती म्हणाली, "पिशवी खाली असती. ही गाठ वर हाय."



मग शहरातला मोठा दवाखाना. सुई घालून तुकडा काढला, कॅन्सर निघाला. आधी सलाइनमधून औषधं दिली, पाच महिने. केस गेले, परत आले, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. गाठ मात्र इतकी विरघळली की तिथल्या डॉक्टरणीच्याही बोटांना लागेना. आता नेमकं कापायचं कुठं, हाच प्रश्न. पण तिनं आधीच तजवीज करून ठेवली होती. औषधं सुरू करताना गाठीत तिळाहून बारीक धातूचा तुकडा सोडला होता, जागा हरवू नये म्हणून. तो पाच महिने माझ्या अंगात होता आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टरीण माझ्या नातीपेक्षा फार मोठी नसेल. मी तिला सांगितलं, शोधाशोध करू नको, सगळंच काढ, दोन्ही बाजूंचं काढ, मला आता कुणाला पाजायचंय. तिनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, काम कोणत्या हातानं करता? मी म्हटलं, उजव्या. तेव्हा तिनं समजावून सांगितलं. काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, आजार तिथं पोचला असेल तर त्या सगळ्या काढाव्या लागतील, मग हात जन्मभर सुजू शकतो, वजन उचलता येत नाही. पोचला नसेल तर एक-दोन गाठी काढून भागतं. पोचला की नाही, हे कळायला छातीतलं पाणी काखेतल्या ज्या गाठीत पहिल्यांदा उतरतं ती आधी शोधायची.

छातीचं मला काही नव्हतं. हाताचं होतं. याच हातानं मी पंचवीस हंगाम मोळ्या बांधल्या. आजही हापशाचा दांडा मीच हाणते, भाकरी मीच थापते, तीन शेळ्या मीच ओढून आणते. सुनेच्या जिवावर बसून खायचं मला जमणारं नाही.

बायका विचारतात, दुखतं का? दुखतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बोंडाभोवती चार सुया टोचून मशीनला दिसणारं औषध सोडलं. बिब्बा उतल्यावर जशी आग होते तशी आग. वर ती जागा चोळायला सांगितली, औषध पुढं सरकावं म्हणून. मग एका अरुंद फळीवर आडवं केलं, उजवा हात डोक्याच्या वर, आणि एक जड मशीन छातीजवळ आणून उभं केलं. हलायचं नाही. खांदा भरून आला, तरी मी हलले नाही.

मशीनवरच्या बाईला मी विचारलं, काय दिसतंय? तिनं पडदा माझ्याकडे वळवला. सगळा काळोख आणि मधे एक उजेडाचा गोळा, ती सुयांची जागा. मग काखेच्या बाजूला एक ठिपका उगवला. आधी पुसट, मग चांगला लखलखीत. थोड्या वेळानं त्याच्यामागं दुसरा. मी दुखणं विसरून बघत राहिले. माझ्या अंगातलं पाणी कोणत्या वाटेनं जातं, हे सत्तर वर्षांत मला ठाऊक नव्हतं, आणि ते असं समोर चालत होतं.

आमच्याकडे पाणी शोधायला पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायचं. आमच्या रानात अशी तीन भोकं आहेत, तिन्हींतून फुफाटा निघाला. म्हणून मी त्या बाईला खवचटपणे विचारलं, हे नक्की हाय का नारळावाणी?

ती म्हणाली, "आजी, हा ठिपका आम्ही नाही दाखवला. तुमच्या अंगानं दाखवला."

तिनं काखेत पेनानं फुली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बाजू कोरडी ठेवून अंघोळ केली. निम्म्या अंगाची अंघोळ मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

त्या सकाळी गाठीच्या जागेची खूण म्हणून छातीत बारीक तार घालायची होती. पोटात अन्न नाही, पाणी नाही. सून दाराबाहेर. मला खुर्चीत बसवून छाती दोन पट्ट्यांच्या मधे धरली आणि वरची पट्टी खाली आणत गेले. शेळीचं शेपूट दारात सापडावं तशी मी सापडले, पुढं नाही मागं नाही. वरच्या पट्टीला खिडकी होती आणि तिच्या कडेनं आकडे आणि इंग्रजी अक्षरं. फोटोत बघून कुठल्या आकड्याच्या आणि कुठल्या अक्षराच्या समोर टोचायचं ते डॉक्टरीण ठरवणार होती. बधिर करायची सुई आधी दिली, तरी लांब सुई आत जाताना दाब कळतो. डोळ्यांपुढं अंधारी आली. एकीनं मागून खांदे धरले आणि खाली बघू नका म्हणाली. मी बघितलं. सुईतून केसासारखी तार आत गेली, सुई बाहेर आली, तार आत राहिली. मला वाटलं सुटले.

फोटो काढला. डॉक्टरीण त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, पुन्हा घालावी लागेल.

मी तडकले. "आता कावून?"

"आजी, तार गाठीच्या शेजारून गेलीय. नखाएवढं अंतर पडलंय."

"पडू दे की. तेवढा मोठा तुकडा काढा."

ती माझ्यासमोर खाली उकिडवी बसली. माझाच शब्द उचलून म्हणाली, "तुमचं जास्त कावून कापू?"

ही पोरगी एका नखाएवढ्या मांसासाठी अडून बसली होती. माझ्या. ऊस आम्ही बुडख्यातून तोडायचो. माझी पिशवीही तशीच तोडली. थोडं ठेवावं का, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"घाल," मी म्हटलं आणि खुर्चीचे दांडे धरले.

दुसऱ्या खेपेला तार बरोबर बसली. तिनं पडद्यावर दाखवलं. माझी सुकलेली छाती तिथं ढगाआडच्या चांदण्यासारखी दिसत होती, बारीक बारीक रेषा, कुठं दाट कुठं विरळ. त्यातून ती तार सरळ गेलेली आणि टोकाला वळलेला आकडा. आकड्याच्या मिठीत जोंधळ्याच्या दाण्याएवढा पांढुरका डाग, आणि त्यात तो तिळाहून बारीक तुकडा. देवळात गेल्यावर मी हात जोडते ते सवयीनं. इथं दांडे आवळून धरलेले हात आपोआप सैल पडले.

बाहेर राहिलेली तार गुंडाळून चिकटपट्टीनं धरली आणि तिला धक्का लागू नये म्हणून वर कागदी कप उपडा घातला. सुनेनं चाकाच्या खुर्चीवर मला तशी बघितली. तिचे डोळे रडून लाल झालेले, पण म्हणाली, "आत्याबाई, सगळ्या दवाखान्यात एकट्या तुमालाच चहा मिळाला व्हय?" मला हसता येत नव्हतं, तार हलेल म्हणून. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी ताठ बसून मी ऑपरेशनच्या खोलीपर्यंत गेले.

जाग आल्यावर पहिल्यांदा उजव्या हाताची बोटं हलवली. मग हात उचलला, तर नर्स रागावली. ऑपरेशनच्या वेळी काखेतल्या गाठी ओळखायला निळं औषधही सोडलं होतं, त्यामुळं लघवी मोरचुदाच्या पाण्यासारखी झाली. सून घाबरली. मला मात्र गंमत वाटली.

संध्याकाळी डॉक्टरीण आली. ठिपके दिसलेल्या दोन्ही गाठी काढून लगेच तपासल्या, दोन्ही स्वच्छ होत्या, म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही. हात राहिला. शेळ्या सांभाळता येतील, पण महिनाभर नाही.

मी म्हटलं, "काढलं ते दाखव."

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. लिंबाएवढा तुकडा, मधे तार, तारेच्या टोकाला तो दाणा, चहूबाजूंनी मोकळी जागा.

"एवढंच?"

"एवढंच."

मग मी तिला पिशवीचं विचारलं. ती खरंच खराब होती का, हे आता कळंल का? तिनं त्या वेळचे कागद, तपासणी, काही आहे का विचारलं. काही नव्हतं. ती म्हणाली, "नाही आजी. आता नाही कळणार."

बरं झालं तिनं खोटं सांगितलं नाही. मी तो फोटो पुन्हा बघायला मागितला. हात खांद्याच्या वर न्यायला मनाई होती, तो कोपरापासून उचलला आणि त्या दाण्यावर बोट ठेवलं.