चिठ्ठीसकट भाजी

मेसमध्ये उरलेली पोळी गाईला जाते, उरलेल्या भाताला फोडणी बसते. उरलेले किस्से मात्र कुठं घालायचे, हे सावंगीत मुलींच्या मेसचं स्टोअर अकरा वर्षं सांभाळूनही मला कळलेलं नाही. त्यातले निम्मे नामदेवरावांच्या चिठ्ठ्यांचे आहेत.

नामदेवराव नालवाडीकडे भाजी पिकवतात. वय सत्तरीपुढे. रोज सकाळी ऑटोनं आमच्याकडे क्रेट येतात आणि सर्वांत वर वहीच्या पानावरची चिठ्ठी. पहिलीच चिठ्ठी अशी होती: "पालकात गवत हाये. सकाळी घरी भांडण झालं, हिनं निवडला नाई. निवडून घेजो."

आमच्या स्वयंपाकीण कमलाबाईंनी त्याच कागदाच्या मागं लिहिलं, "भांडण मिटलं का?" आणि कागद रिकाम्या क्रेटमधून परत धाडला.

दुसऱ्या दिवशी मेथी आली. त्यात गवताची काडी नव्हती. चिठ्ठीवर एकच शब्द, "मिटलं."

*

मेसच्या मालकांना हा कागदी कारभार पसंत नव्हता. त्यांनी नामदेवरावांना सांगितलं, काय ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळवत जा.

नामदेवरावांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मालकांच्या मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो आला, अर्ध्या भागावर अंगठा. आणि क्रेटमध्ये चिठ्ठी होतीच. मालकांनी विचारलं, तर म्हणाले, "फोटो काढाले आधी चिठ्ठी लिहाच लागते ना साहेब."

*

मग ती काकडीची चिठ्ठी. "चार काकड्या कडू हायेत. कोणत्या ते माहीत नाई."

आता काय करणार! कमलाबाई आणि मी पाटावर बसून एकेका काकडीचं टोक चाखत राहिलो. तीन सापडल्या. चौथी सापडेना, तेव्हा नामदेवरावांचाच हिशेब चुकला असेल असं ठरवून आम्ही कोशिंबीर केली.

चौथी मालकांच्या ताटात निघाली.

*

त्यानंतर मालक नव्या भाजीवाल्याचं नाव सारखं काढू लागले. मला धास्ती वाटायची. आमची मेस हे नामदेवरावांचं एकमेव बांधलेलं गिऱ्हाईक. ते सुटलं असतं तर या वयात त्यांना पुन्हा बाजारात पोतं अंथरून बसावं लागलं असतं.

तेवढ्यात बांधावरून घसरून त्यांचा पाय मोडला. दवाखान्यात पडले, बायको त्यांच्यापाशी; घरी तोडणी करायला कुणी नाही. मालकांनी नव्या माणसाला बोलावलं आणि सोमवारी कायमचं काय ते सांगतो म्हणाले.

नवी भाजी चकचकीत आली, पाकिटांवर स्टिकर लावलेली. कमलाबाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाल्या, "हे काहीच बोलत नाई हो."

*

दवाखान्यात रोज कमलाबाईंचा डबा जायचा. शनिवारी वांग्याची भाजी होती. नव्या माणसाचं त्यांना सांगायची आमची हिंमत झाली नव्हती, म्हणून कमलाबाईंनी चिठ्ठीत एवढंच लिहिलं, "मीठ कमी हाये. डॉक्टरचा हुकूम हाये, माह्यावर राग काढू नका."

डबा परत आला तो धुऊन पुसून, आत चिठ्ठी. नेमके तेव्हा मालक स्वयंपाकघरात उभे होते. त्यांनीच ती उचलली आणि मोठ्यानं वाचली.

"वांगी आपली नाईत. पन चांगली हायेत. झाडाले पाणी जरा जास्त झालं. ज्याची असतीन त्याले सांगजो, झाड वाचंन."

कमलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मालकांनी ती चिठ्ठी पुन्हा एकदा मनात वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि माझ्याकडे पेन मागितलं.

रविवारच्या डब्यात कमलाबाईंची चिठ्ठी नव्हती. मालकांची होती. डबा बांधताना मी वाचलीच.

"पाय बरा झाला की या. तवरक मेसमधी वांगी बंद. काकडी मात्र स्वतः चाखून पाठवजा."