रांजण तापेना

पुण्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आमच्या ह्यांनी चिनी मातीची कोळशाची भट्टी आणली, तेव्हा मला धीर निघेना. टेम्पो थांबायच्या आधीच मी मागच्या फळीवर चढले. भट्टी कंबरेइतकी उंच, हिरवीगार, गुळगुळीत, अगदी अंड्याच्या आकाराची होती. "माळकऱ्याच्या घरात अंडं म्हणायचं न्हाई," आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दारातच बजावलं. "रांजण म्हणा." त्या दिवसापासून तो रांजण.

आमचं घर वावरातच आहे. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, घासून जातात. तिथं रस्त्याकडच्या तुकड्यावर शाकाहारी हॉटेल टाकायचं आणि रांजणात नान भाजायचे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं मी पाटीचा रंगसुद्धा ठरवून मोकळी झाले होते. मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, शांतपणे अट घातली. "रविवारी पालमचे पावणे यायलेत. त्यांच्या ताटात फुगलेला नान पडला तर तुकडा तुझा. न्हाई पडला तर तिथं हळद लावायची. पुन्हा हॉटेलाचं नाव काढायचं न्हाई."

आणि रांजण तापेना! झाकणावरचा उष्णतेचा काटा दीडशे अंशांपर्यंत यायचा आणि तिथंच बसकण मारायचा. नानाला याच्या दुप्पट आच लागते. दीडशेवर भाजलेला नान म्हणजे चपलेचा तळ. आमच्या कुत्र्यानं तो हुंगला, माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेला.

मी हार मानणारी बाई नव्हे. कोळसा ओलसर असेल म्हणून गच्चीवर कडक वाळवला. चुरा चाळून नुसते मोठे तुकडे ठेवले. वरची झडप सताड उघडली, खालचं वाऱ्याचं दार सरकवलं. ह्यांना घडीघडी झाकण उचलून बघायची खोड, म्हणून त्यांना लांब बाजेवर बसवलं. तरी काटा दीडशेलाच. आत्याबाई तर माझ्याहून उत्साही. कोळसा भरायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी न्हाऊन येईपर्यंत रांजण भरून तयार, वर हळदकुंकू लावलेलं. मी फक्त पेटवायचं.

रविवारी पावणे आले, ओसरीवर टेकले, त्यांचा चहा झाला, तरी काटा हलेना. मामांनी रस्त्याकडं बघितलं. मला तर तिथं हळदीची पानं डुलताना दिसायला लागली.

देव्हाऱ्यातली उदबत्ती दिसली आणि मला एकदम सुचलं. ती आणून मी खालच्या दाराशी धरली. भट्टी ओढ घेत असेल तर धूर आत जायला हवा. तो सरळ वर माझ्या नाकात गेला. वारा आत जातच नव्हता!

"घमेलं आणा!" मी ओरडले. ह्यांनी चिमट्यानं निखारे घमेल्यात काढले आणि आतली जाळी उचलली. बघते तर काय, जाळीखाली काठोकाठ राख, चांगली चापून बसवलेली. दार उघडं होतं, पण आतून बुजलेलं.

"ही कुठून आली?"

"म्या टाकली," आत्याबाई सहज म्हणाल्या. "रोज टाकायलेय. रिकाम्या चुलीत कुणी इस्तू ठेवतं का? आपल्या चुलीची राख हाय ती. जुन्या चुलीची राख पडली की तिथं नवी चूल बसती, मग तिला कुणी उठवत न्हाई. माझ्या सासूनं माझी चूल अशीच बसवली."

राखेच्या अंथरुणावर विस्तव टिकतो हे खरंच आहे, पण तो मंद राहून टिकतो. मला राग आला आणि हसूही आलं. माझं हॉटेल कुणी उठवू नये म्हणून ही बाई रोज टोपलंभर राख वाहत होती.

"आत्याबाई, ह्या चुलीला खालून वारा लागतो."

"मंग आधी सांगायचं व्हतं की!" म्हणत त्यांनीच दोन्ही हातांनी राख टोपल्यात उपसली.

निखारे परत टाकले, वर कोळसा घातला, त्यावर नान भाजायचा सपाट दगड बसवला, झाकण लावलं. रांजण घुमायला लागला. काटा दोनशे, अडीचशे, तीनशेच्या पार! ह्यांनी पावण्यांसमोर शिट्टी मारली. तापलेल्या दगडावर नान टाकला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत टम्म फुगला. मी चक्क नाचले. हातात चिमटा, डोक्यावरचा पदर कुठच्या कुठं!

मामांनी नान तोडला. वाफ निघाली. वरणात बुडवून खाल्ला, दुसरा मागून घेतला. पावणे तारीफ करून दमले. शेवटी मामा म्हणाले, "नान फुगला खरा. पण वावराचं म्हणशील तर... जरा इचार करू."

माझा हात तसाच थांबला. एवढं करून इचार?

तेवढ्यात पावण्यांतल्या कुणीतरी विचारलं, "आत्याबाई कुठं निघाल्या?"

आम्ही सगळे वळलो. आत्याबाई डोक्यावर टोपलं घेऊन बांधावरून तरातरा चालल्या होत्या. रस्त्याकडच्या तुकड्यावर पोचल्या, जागा न्याहाळली, टोपलं उतरवलं आणि पालथं केलं. राखेचा लोट उठला. पदराला हात पुसत त्या परत आल्या.

"पडली राख," त्या मामांना म्हणाल्या आणि नान वाढायला बसल्या.

मामांनी रस्त्याकडं पाहिलं, मग आत्याबाईंकडं पाहिलं.

"हळदीचं बघू दुसरीकडं," म्हणाले आणि ताट पुढं केलं.