तुळसाबाईचा गारांचा डेरा

फाल्गुनातल्या एका सकाळी तुळसाबाईच्या डेऱ्याला तडा गेला. गावात कोणालाच त्याचे काही वाटले नाही. मातीचे भांडे आहे, आज ना उद्या फुटायचेच. तुळसाबाईने मात्र हातातले काम टाकले, कारण त्या डेऱ्यात नऊ वर्षांची गारपीट कोंडलेली होती.

तिचा बाप गारपगारी. आभाळात गारांचा ढग चढला की गावाच्या शिवेवर उभे राहून मंत्राने तो अडवायचा, हे त्या घराचे काम. बाप ढग अडवायचा आणि शेजारच्या शिवारात ढकलून द्यायचा. आपले गाव त्याला सुपाने धान्य घालायचे, शेजारचे गाव शिव्या घालायचे. त्याच्यामागे विद्या लेकीकडे आली. हे बाईमाणसाचे काम नव्हे, असे लोक म्हणाले. पुढच्या सालचा गहू वाचला तेव्हा ते बोलणे थांबले आणि लोक तिला चेटकीण म्हणू लागले. त्यात धाक थोडा, आपलेपणा जास्त. रडणाऱ्या पोराला तिचे नाव सांगून गप्प करायचे आणि त्याच पोराला ताप आला की तिच्याच दारात आणायचे.

पण ही चेटकीण जगावेगळी. दुसऱ्याच्या शिवारात गार ढकलायला तिचा हात उठेना. तिकडेही कोणाचा तरी हरभरा उभा असतोच. म्हणून ती ढग उतरवून डेऱ्यात कोंडू लागली. मंत्राने बांधलेली गार मोहरीएवढी होते, तोंडाला फडके बांधले की निमूट पडून राहते. डेरा रिकामा कुठे करायचा, हे बापाने शिकवले नव्हते. बापाने कधी साठवलीच नव्हती.

तिला ठाऊक होते ते एवढेच, की गारेला आवतन लागते. कोणी आपल्या तोंडाने 'इथं पड' म्हणाले तरच ती तिथे पडते. बिनआवतनाची सुटली तर जिथून बांधली तिथेच परत जाते. बांधणाऱ्याचे आवतन चालत नाही. नाहीतर तिने कधीच आपल्या परसात ओतून घेतली असती. आणि गावात तर गहू पिवळाधमक उभा होता. कापणीला आठ दिवस.

ती आधी गावातल्या मारोतरावांकडे आवतन मागायला गेली. पंचवीस एकरांचे धनी, ओट्यावर बसून दात कोरत होते.

"तुहा बाप काय येडा होता काय? दे तिकडे ढकलून," त्यांनी पश्चिमेकडे बोट केले.

"तिकडं तुमची लेक देली हाय."

मारोतरावांनी थोडा विचार केला आणि उत्तरेकडे बोट केले.

मग तिने डेरा जुन्या लुगड्यात गुंडाळला, काखेत घेतला आणि जऊळका गाठले. तिथल्या लखमीचंद शेठांनी सगळे ऐकून घेतले, तिला पाणी दिले. गोदामाचे पत्रे नवे आहेत म्हणाले, अंगणात तूर वाळत आहे म्हणाले. कारंज्याला बर्फवाले असतील, त्यांना विचारून पाहा, असा सल्ला देऊन त्यांनी हात जोडले. ती कारंज्याच्या यस्टीत बसली.

कंडक्टर धम्मदीपा तिकिटे फाडत तिच्यापाशी आली.

"मावशी, कायचं मडकं हाय ते? पाणी गळून राह्यलं."

"गारा हाय बाई."

"किती किलो?"

"नऊ सालाच्या."

धम्मदीपाने तिच्याकडे पाहिले, मडक्याकडे पाहिले. तेवढ्यात आतून असा कडकडाट झाला, की ड्रायव्हर गाडी थांबवून चारही बाजूंनी टायर पाहून आला. तडा आता गळ्यापासून पोटापर्यंत उतरला होता. तुळसाबाई उठली आणि एकेका प्रवाशाला विचारत सुटली. एकाची संत्री बहरात होती. एकाच्या घराचा स्लॅब कालच पडला होता. एकीच्या दारात लेकीच्या लग्नाचा मांडव होता. जपायला काहीच नाही, असे माणूस त्या गाडीत सापडले नाही.

"तुह्यापाशी तरी हाय का जागा?" तिने धम्मदीपाला विचारले.

"मी भाड्यानं राह्यतो, मावशी. घरमालकाले इचारा लागन."

बाहेर दोन्ही अंगांनी गहू मागे पळत होता. तुळसाबाईचे तळहात डेऱ्याच्या गारठ्याने बधिर झाले होते. त्याच्या ओंब्या पाहून तिला आपल्या गावचा गहू जमिनीवर झोपलेला दिसायचा, मग ती डोळे मिटून घ्यायची. धरणाचा फाटा आला तशी धम्मदीपाने घंटी मारली.

"पाण्यावर कोनाचं पीक असते? उतरा इथं."

काठावर रुख्मिणी नावाची एक बाई मासळीचे क्रेट लावत होती आणि बर्फाची गाडी आली नाही म्हणून तोंडाने त्या गाडीवाल्याचे सात पिढ्यांपर्यंतचे नातेवाईक मोजत होती. ऊन चढत होते. तुळसाबाईने एका दमात सगळे सांगितले. रुख्मिणी हसली नाही.

"जाड हाय का गार? का लगेच इरघळते?"

"सुटली की आवळ्याएवढी. काही लिंबाएवढ्या."

"मंग थांब. जाळं काढू दे."

जाळे पाण्यात होते, आणि तिचा नवरा देवमन हवा भरलेल्या ट्यूबवर बसून मधोमध. रुख्मिणीने हाक मारली. त्याने काय झाले ते विचारले. तिने सांगितले, त्याला पटले नाही, त्याने पुन्हा विचारले. इकडे तडा बोटभर उघडला. एक मोहरी बाहेर पडली, तुळसाबाईच्या गालाजवळून सूं करत गेली, आली त्याच वाटेने, गावाकडे. मागून दुसरी. मग तिसरी.

"बाई, माह्या गावात लेकरं अंगणात हाय," तुळसाबाई म्हणाली.

रुख्मिणीने पाण्यातल्या जाळ्याकडे पाहिले. नवेच होते, दिवाळीला विणलेले. मग तिने पदराला हात पुसले.

"पड माय. माह्या काठावर पड."

डेरा तुळसाबाईच्या हातातच फुटला. दोघी उलट्या क्रेटखाली शिरल्या. अर्धा तास धरण लाह्यांसारखे उडत होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

थांबले तेव्हा काठ पांढरा होता. देवमन ट्यूब डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून काठावर आला. जाळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. रुख्मिणीने त्या एकदा हातात घेऊन पाहिल्या, खाली ठेवल्या आणि फावड्याने गारा मासळीवर ओढू लागली.

तुळसाबाईने मारोतरावांना फोन लावला. तीनच गारा पडल्या, ते म्हणाले. दोन रस्त्यावर, एक तुळसाबाईच्याच छपराच्या कवेलूंवर. गहू उभा होता. मात्र परवासाठी पुन्हा गारांचा इशारा आला होता, तेव्हा तिने लवकर यावे.

"दरसाल आणून देजो," रुख्मिणी म्हणाली. "जाळं काढलं की सांगतो तुले. नऊ नऊ साल साठवत नोको बसू." आणि तिने झाकणाचा एक थर्माकोलचा खोका तिच्यापुढे सरकवला.

परतीच्या गाडीत तो खोका तुळसाबाईने मांडीवर घेतला होता. मासळीच्या वासाने शेजारची दोन बाके रिकामी झाली होती. ती झाकण उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. मंत्र मातीवर बसतो, हे तिने पाहिले होते. थर्माकोलवर बसतो की नाही, हे परवापर्यंत तिला कोण सांगणार होते?